शॉवर बसवताना मुलाम्यावर चरे पडू नयेत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा शॉवर, मिक्सर किंवा हँड शॉवर बसवताना पडलेला चरा बहुतेक वेळा कायमचा राहतो, कारण मुलामा घरी पुन्हा चढवता येत नाही. खालची उत्तरं अर्धा इंची जोड असलेल्या नेहमीच्या फिटिंगसाठी आहेत: भिंतीतून बाहेर येणारा शॉवर आर्म, भिंतीवरचा मिक्सर, कन्सिल्ड डायव्हर्टरची (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या, भिंतीत लपलेल्या व्हॉल्व्हची) प्लेट, हँड शॉवर आणि त्याचा रॉड.

क्रोम तर कडक असतो. मग त्यावर चरा पडतोच कसा?

क्रोम खरंच कडक असतो, साध्या पान्याच्या पोलादापेक्षाही. अडचण जाडीची आहे. सजावटीच्या क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. त्याखाली निकेलचा थर असतो, तो काही मायक्रॉनांपासून वीस-पंचवीस मायक्रॉनांपर्यंत. त्याच्याही खाली पितळ. छपाईचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे हा सगळा मुलामा मिळून कागदाच्या पाव जाडीचा. पान्याची धार एका जागी रुतली की क्रोम घासला जात नाही, खालचं मऊ पितळ दबतं आणि वरचा थर तडकतो. गादीवर काच ठेवून बोटाने दाबली तर ती जशी फुटेल, तसंच हे. त्या बारीक तडीतून पाणी आत शिरतं आणि काही काळाने तिथून पापुद्रा सुटायला लागतो. म्हणून पान्याची खूण आज छोटी दिसली, तरी ती तेवढीच राहील असं धरू नका.

दुसरं कारण धूळ. टाइल कापताना उडालेली भुकटी आणि सिमेंटमधली वाळू यांत क्वार्ट्झ असतो, तो कडकपणात क्रोमच्या तोडीचा आणि रंगाच्या थरापेक्षा कितीतरी कडक. अशी धूळ बसलेला नळ कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे त्यावर पॉलिश पेपर फिरवणं. आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग ओल्या मऊ फडक्याने टिपा.

सगळ्या फिनिशना सारखीच काळजी लागते का?

नाही. चकचकीत क्रोमवर बारीक चरे लगेच दिसतात, पण त्याला हलकं पॉलिश चालतं. पीव्हीडी पद्धतीने (निर्वात कक्षात धातूची वाफ बसवून) चढवलेला सोनेरी, रोझ गोल्ड किंवा ग्राफाइट थर घासण्याला क्रोमपेक्षाही चांगला टिकतो. तरी पान्याच्या दाबाखाली त्याचं क्रोमसारखंच होतं, आणि एकदा गेला की दुरुस्ती नाही. मॅट ब्लॅकमध्ये बराच माल पावडर कोटिंगचा किंवा रंगाचा असतो. तो सगळ्यांत नाजूक. पक्कड नुसती घासून गेली तरी काळ्यातून पिवळं पितळ डोकावतं. ब्रश्ड फिनिशमध्ये रेघा मुळातच असतात, त्यामुळे त्या दिशेचा चरा लपतो आणि आडवा चरा डोळ्यांत भरतो. लॅकर नसलेलं उघडं पितळ चऱ्यांच्या बाबतीत सर्वांत सोपं, कारण ते पुन्हा घासून सारखं करता येतं.

मॅट ब्लॅक बसवायचा असेल तर खालच्या सगळ्या सूचना दुप्पट कडकपणे पाळा.

कोणती हत्यारं लागतील?

दातांचा पाइप पाना आणि दातांची वॉटर पंप पक्कड आधी बाजूला ठेवा. ही हत्यारं भिंतीतल्या किंवा फेकून द्यायच्या पाइपसाठी आहेत. दिसणाऱ्या भागाला त्यांचा स्पर्शही नको.

नटांसाठी गुळगुळीत जबड्यांचा पाना हवा. समांतर सरकणाऱ्या सपाट जबड्यांची पक्कड असेल तर उत्तम, कारण तिचे दोन्ही जबडे नटाच्या बाजूंवर पूर्ण टेकतात. ॲडजस्टेबल पानाही चालतो, पण तो नटावर बसवून स्क्रू पूर्ण फिरवून घ्या, खेळ राहता कामा नये. ज्या दिशेला नट फिरवायचा त्या बाजूला सरकता जबडा ठेवा. मग जोर पक्क्या जबड्यावर येतो आणि पाना उघडून घसरत नाही. गोल भागांसाठी रबरी पट्ट्याचा स्ट्रॅप रेंच घ्या. त्याखेरीज ॲलन की, पाणसळ, मास्किंग टेप, टेफ्लॉन टेप, नवे वॉशर आणि प्लास्टिकची खरवडणी लागेल.

अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. मिक्सरच्या मागे हात घालताना घड्याळाचा पट्टा हमखास मुलाम्यावर घासतो.

पान्याच्या जबड्यांना फडकं गुंडाळलं की पुरेसं आहे ना?

हा सर्वांत जास्त चालणारा उपाय आहे, आणि यातूनच बरंच नुकसान होतं. जाड फडकं घातलं की जबडे नटाच्या सपाट बाजूंवर बसत नाहीत, फक्त कोपऱ्यांवर टेकतात. जोर लावताच फडकं सरकतं, पाना घसरतो, नटाचे कोपरे गोल होतात आणि घसरलेला पाना शेजारच्या फ्लँजवर, म्हणजे भिंतीलगतचा जोड झाकणाऱ्या गोल चकतीवर आपटतो.

मध्ये घालायची वस्तू पातळ आणि घट्ट असावी. मास्किंग टेपचे दोन थर थेट नटाच्या बाजूंवर चिकटवा, किंवा प्लास्टिकच्या बाटलीतून कापलेल्या साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना धरा. पातळ चामड्याची पट्टी सर्वांत चांगली, ती सरकत नाही. इलेक्ट्रिकल टेप ताणतो, गुंडाळतो आणि मागे चिकट राळ ठेवतो, तो नको.

कामाचा क्रम काय ठेवायचा?

दिसणारे भाग सर्वांत शेवटी बसवायचे, एवढं पाळलं तरी निम्मे चरे टळतात. टाइल, ग्राउट, भिंतीतली भोकं, ग्राउटचे डाग काढण्यासाठीची ॲसिडची धुलाई, सगळं आधी उरकून घ्या. ॲसिडचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. टाइल धुण्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड नळावर थेट सांडायची गरज नसते. बंद बाथरूममध्ये त्याची वाफही क्रोम काळवंडवते. धुलाई झाल्यावर भरपूर पाण्याने धुऊन, खिडकी उघडी ठेवून खोली मोकळी होऊ द्या, मगच खोके उघडा.

त्यानंतर मुख्य कॉक बंद करा, खालचा नळ उघडून लाइन रिकामी करा. भिंतीतल्या जोडावर अर्धा इंची प्लास्टिकचा निपल (दोन्ही टोकांना आटे असलेली आखूड नळी) हाताने लावा, त्याखाली बादली धरा आणि एक-दोन मिनिटं पाणी सोडा. सिमेंटचे खडे, टेपचे तुकडे, सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपचा कीस सगळा बाहेर येतो. हे केलं नाही तर तोच कचरा शॉवरच्या जाळीत अडकतो. मग जाळी साफ करायला पुन्हा सगळं उघडावं लागतं, आणि प्रत्येक उघडझापीत पाना मुलाम्याला आणखी एकदा लागतो.

फरशीवर जाड टॉवेल पसरा, गटाराची जाळी फडक्याने झाका. सुटे भाग टॉवेलवर, हत्यारं वेगळ्या ट्रेमध्ये. दोन्ही एकत्र नकोत.

जुना शॉवर निघत नाही. जोर लावू का?

आधी सिलिकॉन आणि रंगाची कड सोडवा. जुना फ्लँज पुन्हा वापरायचा असेल तर ब्लेड नको, प्लास्टिकची खरवडणी घ्या. क्षार साचून जोड घट्ट झाला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. साध्या क्रोमवर पातळ केलेलं व्हिनेगर थोडा वेळ चालतं. मॅट ब्लॅक, पीव्हीडी आणि पितळी फिनिशवर ते वापरू नका.

आर्म भिंतीतून सोडवताना एका हाताने भिंतीलगत आधार द्या आणि वाकलेला आर्म डावीकडे हळू फिरवा. आर्मचा वाकच तरफेचं काम करतो. जोड एकदम सुटण्याऐवजी भिंतीत काहीतरी कचकन फिरल्यासारखं वाटलं तर थांबा. आतला एल्बो (काटकोनी जोड) पाइपसकट फिरत असेल तर पुढचा प्रश्न चऱ्यांचा राहत नाही, भिंत फोडण्याचा होतो.

शॉवर आर्म चरा न पाडता भिंतीत कसा बसवायचा?

आर्मवर पाना लावायची गरजच पडू नये, हे लक्ष्य ठेवा. त्यासाठी टेप न लावता आर्म आधी कोरडा बसवून बघा. बोटांनी फिरवत न्या आणि घट्ट होईपर्यंत किती फेरे होतात ते मोजा. अर्धा इंची जोडात साधारण चार ते सहा फेरे मिळतात. पहिल्याच फेऱ्याला अडकलं तर आटे तिरके लागलेत. काढा, उलट दिशेने किंचित फिरवून 'टक्' असा खाली बसल्याचा भास झाला की मग सरळ फिरवा.

त्याच वेळी फ्लँज लावून बघा. भिंतीतल्या जोडाचं तोंड टाइलच्या सपाटीला किंवा दोन-चार मिलिमीटर आत असावं. फार आत असेल तर आर्मचे आटे पुरत नाहीत, मग विस्तार निपल लावावा लागतो. फार बाहेर असेल तर फ्लँज भिंतीला टेकत नाही.

आता आर्म काढा, फ्लँज त्यावर चढवा आणि वाकाच्या पुढे सरकवून मास्किंग टेपने तिथेच बांधून ठेवा. हे टाळलं की काय होतं ते आर्मवर स्पष्ट दिसतं. फिरवताना फ्लँज सैल घरंगळत राहतो, त्याच्या आतल्या कडेची धार आर्मवर गोल रेघ कोरते, आणि ती रेघ भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, अगदी डोळ्यांसमोर राहते. फ्लँजच्या आत रबरी रिंग असेल तर तिला साबणाचं पाणी लावा, तेल नको.

आर्मचा बाकीचा भाग पातळ फोमच्या कागदात किंवा ज्या आवरणात तो आला त्यातच राहू द्या. आट्यांवर टेप गुंडाळा, हाताने फिरवत न्या. शेवटचा एक-दीड फेरा जड जाईल. तेव्हा दोन्ही हातांनी वाकाला धरून एकसारखा जोर द्या. शॉवरचं टोक खाली येईल तिथे थांबायचं. खालच्या दिशेच्या पुढे गेलात तर उलटं आणू नका. टेफ्लॉन टेपचा जोड थोडा जरी मागे फिरवला तरी पाझरतो. काढून, टेप बदलून, एक-दोन वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवा. थोडं मागे-पुढे करायला वाव हवा असेल तर टेपऐवजी आट्यांसाठीचा सीलिंग धागा वापरा, त्याला तेवढी मुभा असते.

छतातून येणाऱ्या सरळ आर्मला वाक नसतो, म्हणून तिथे रबरी पट्ट्याचा रेंच लागतो. तो वरच्या टोकाशी, फ्लँजखाली झाकला जाईल अशा जागी लावा. मोकळ्या टोकात पेचकस खुपसून फिरवण्याची पद्धत टाळा. त्याने तोंडाकडचे आटे दबतात आणि शॉवरचा वॉशर नीट बसत नाही.

टेफ्लॉन टेप किती आणि कोणत्या दिशेने?

आट्यांचं तोंड स्वतःकडे धरा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचे तंतू पाण्यात जातात. नेहमीच्या पातळ पांढऱ्या टेपचे आठ ते बारा वेढे, जाड टेपचे चार-पाच. कोरडं बसवताना जोड सैल वाटला असेल तर जास्त. प्लास्टिकच्या एल्बोत पितळी आटे बसवलेले असतील तर टेपचा ढीग करून ठासू नका, एल्बो उभा चिरतो.

म्हणजे सगळीकडे टेप लावायचा का?

अजिबात नाही. टेप तिथेच लावायचा जिथे आटे पाणी अडवतात, म्हणजे भिंतीतल्या जोडांत. जिथे वॉशर आहे तिथे पाणी वॉशर अडवतो, आटे फक्त त्याला दाबून धरतात. मिक्सरचे नट, हँड शॉवरच्या नळीची दोन्ही टोकं, वॉशर असलेला ओव्हरहेड शॉवर, या सगळ्यांना टेप नको. बोटांनी घट्ट करून वर फार तर आठव्या ते पाव भागाचा फेरा.

मुलामा वाचवण्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत कामाचा आहे. जास्त जोर लागणारे जोड भिंतीत लपलेले असतात, आणि जे जोड दिसतात त्यांना जोर लागतच नाही. दिसणाऱ्या नटावर पान्याने अंग टाकायची वेळ आली, तर आत वॉशर नाही, दुमडलाय किंवा आटे तिरके बसलेत असं समजा.

भिंतीवरचा मिक्सर बसवताना कुठे कुठे सांभाळायचं?

मिक्सरच्या दोन तोंडांमधलं प्रमाण अंतर १५० मिलिमीटर असतं. भिंतीतले जोड दोन-चार मिलिमीटर इकडे-तिकडे असतात, ते वाकड्या लेगने, म्हणजे भिंत आणि मिक्सर यांच्यामधल्या आखूड जोडनळीने जुळवायचे. लेगचं भिंतीकडचं टोक अर्धा इंची, मिक्सरकडचं पाऊण इंची. बऱ्याच लेगच्या आत चावीसाठी खाच किंवा खुंट्या असतात, त्यामुळे ते आतून पायरीदार चावीने फिरवता येतात आणि बाहेरच्या मुलाम्याला काही लागत नाही. खाच नसेल तर लेगचा फ्लँजखाली झाकला जाणारा भागच धरा.

दोन्ही लेगना टेप लावून सारखेच फेरे फिरवा, म्हणजे दोन्ही भिंतीपासून सारख्या अंतरावर येतील. मग वॉशर न घालता मिक्सर नुसता टेकवून बघा. दोन्ही नट बोटांनी, कुठेही न ओढता लागले पाहिजेत. वर पाणसळ ठेवा, पण तिच्याखाली कागदाची घडी घाला, कारण ॲल्युमिनियमची कड क्रोमवर करडी रेघ ओढते. नट लावण्यासाठी मिक्सर खेचावा लागत असेल तर लेग पुन्हा जुळवा. ओढून बसवलेला नट तिरका जातो, आणि तो सरळ करायच्या नादातच पाना घसरतो.

जुळलं की मिक्सर काढा, लेगवर झाकणाचे फ्लँज चढवा, नटांत नवे वॉशर घाला. गाळणी असलेले वॉशर आले असतील तर गाळणीचा फुगवटा येणाऱ्या पाण्याकडे. आता दोन्ही नट आळीपाळीने, एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा, असे बोटांनी आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर मिक्सर तिरपा होतो. वॉशर टेकल्याची जाणीव बोटांना होते. सैल फिरणारा नट मऊ पण ठाम थांबतो. तिथून पुढे, बाजूंवर टेपचे दोन थर लावून, साधारण ३० मिलिमीटरच्या त्या नटाला गुळगुळीत पान्याने आठव्या ते पाव भागाचा फेरा. पान्याचं शेपूट फिरताना मिक्सरच्या अंगाला किंवा दांड्याला लागणार नाही ना, ते आधी रिकाम्या हाताने फिरवून बघा. एका हाताचा तळवा पान्याच्या डोक्यावर ठेवा, म्हणजे घसरला तरी तो जागच्या जागी राहतो.

गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे.

कन्सिल्ड डायव्हर्टरची प्लेट?

भिंतीतल्या बॉडीवरचं प्लास्टिकचं टोपण टाइल पूर्ण होईपर्यंत काढू नका. त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात आणि टाइलची सपाटी त्यांच्या मध्ये यायला हवी. खोल गेल्यास विस्तार संच मिळतो. वर राहिल्यास प्लेट भिंतीला टेकत नाही आणि मग लोक ती दाबून वाकवतात.

प्लेटवर चरे पडतात ते मुख्यतः ॲलन कीमुळे. दांड्याचा छोटा स्क्रू २, २.५ किंवा ३ मिलिमीटरचा असतो, काही मालात इंची मापाचा. जवळपासच्या मापाची की लावली की ती स्क्रूच्या आत गोल फिरते, सुटते आणि तिचं टोक थेट प्लेटवर ओढलं जातं. खोक्यात आलेलीच की वापरा. प्लेटवर मधोमध चीर दिलेला पुठ्ठा लावून मगच दांडा बसवा.

प्लेटच्या मागे फोमची रिंग असते. वर आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची बारीक रेघ द्या, खालची बाजू मोकळी ठेवा. मागे पाणी गेलंच तर ते तिथून बाहेर येतं आणि गळती भिंतीत न मुरता दिसते.

हँड शॉवरचा रॉड लावायला भोकं पाडायची आहेत.

रॉडचा उपयोग फक्त खुणा करण्यापुरता. खुणा झाल्या की तो खोलीबाहेर नेऊन ठेवा. भोक पाडताना ड्रिलचा चक रॉडला लागला असं सांगणारे बरेच जण असतात, आणि रॉड तिथे लटकत ठेवायचं एकही कारण नसतं.

भोकाच्या जागी मास्किंग टेपची फुली करा, टाइलचं बिट लावा, हॅमर बंद ठेवून कमी वेगाने सुरुवात करा. टाइल पार झाली की विटेत किंवा काँक्रीटमध्ये हॅमर चालतो. प्लास्टिकच्या प्लगप्रमाणे बहुधा ६ किंवा ८ मिलिमीटरचं भोक लागतं. टाइलच्या कडेपासून आणि भोकाखालून जाणाऱ्या पाइपपासून लांब राहा. भुकटी ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि मगच रॉड आत आणा. स्क्रूचे शेवटचे दोन-तीन फेरे हाताच्या पेचकसाने द्या. मशीनचं बिट स्क्रूवरून उडालं की ब्रॅकेटचा टवका उडतो.

नळी आणि हँड शॉवर?

दोन्ही टोकांना वॉशर आहेत का बघा. पुष्कळदा ते खोक्यातच राहतात. शंकूच्या आकाराचा नट हँड शॉवरकडे, म्हणजे तो स्टँडमध्ये बसतो, आणि षटकोनी नट मिक्सरकडे. बोटांनी आवळा, पाना नको. स्टीलची नळी मिक्सरच्या अंगावर रुळत असेल तर काही महिन्यांत तिथे धूसर पट्टा उमटतो. मॅट ब्लॅकवर तर लवकरच. अशा वेळी गुळगुळीत पीव्हीसीची नळी घ्या, किंवा स्टँडची जागा अशी ठेवा की नळी लोंबताना कुठे टेकणार नाही.

मोठा ओव्हरहेड शॉवर लावताना?

शॉवरची तबकडी धरून फिरवू नका, मागचा नट धरा. तबकडीवर जोर दिला की मधला गोळ्याचा सांधा सैल होतो. २००-३०० मिलिमीटरच्या तबकडीत पाणी भरल्यावर वजन बरंच वाढतं, म्हणून लावताना कोणीतरी खालून दोन्ही तळव्यांनी आधार द्यावा. दुसऱ्या हाताने आर्म पक्का धरा, नाहीतर नटाबरोबर आर्मही फिरतो.

प्लास्टिकवर क्रोम चढवलेला शॉवर असेल तर?

त्याला पाना लावूच नका. मुलामा तसाच असतो, पण खालचं प्लास्टिक पितळापेक्षाही लवकर दबतं आणि आटे चिरतात.

सगळं बसवलं, पण एक जोड ठिबकतोय. अजून आवळू का?

आधी शोधा कुठून ठिबकतंय. सगळं कोरडं पुसा, प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा, पाणी सोडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी वरून ओघळून खालच्या जोडावर येतं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी चुकीच्या नटाला दोष दिला जातो. वॉशरचा जोड असेल तर एकदाच, आठव्या भागाचा फेरा. तरी थांबलं नाही तर पाणी बंद करून उघडा. वॉशर दुमडलेला, सरकलेला किंवा खाली वाळूचा कण अडकलेला सापडेल. भिंतीतला टेपचा जोड पाझरत असेल तर आवळून उपयोग नाही, पुन्हा टेप लावून बसवावा लागतो. म्हणून फ्लँज सिलिकॉनने चिकटवण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे.

सिलिकॉन जास्त लागलं. ब्लेडने काढू?

ओलं असताना बोटाने, साबणाच्या पाण्याने. वाळल्यावर प्लास्टिकची खरवडणी किंवा अंगठ्याच्या नखाने गुंडाळत काढा. लावण्यापूर्वी फ्लँजच्या कडेला आणि टाइलवर मास्किंग टेप लावला आणि सिलिकॉन ओलं असतानाच ओढून घेतला, तर हा प्रश्न येत नाही.

मुलाम्यावरचं प्लास्टिकचं आवरण कधी काढायचं?

गळतीची चाचणी झाल्यावर, त्याच दिवशी. महिनोन्‌महिने ठेवलं तर त्याचा गोंद चिकटून बसतो आणि खाली ओल अडकते.

पान्याची करडी रेघ उमटली आहे. हा चरा आहे का?

नखाचं टोक रेघेवर आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर ती बहुधा पान्याचीच धातू क्रोमवर घासून राहिलेली असते. क्रोम पॉलिशचा थेंब मऊ फडक्यावर घेऊन हलकं चोळलं की ती जाते. नख अडकलं तर मुलामा तडकलाय. तिथे पॉलिश चोळत बसलात तर भोवतालचा थर आणखी पातळ होतो, त्यापेक्षा कार मेणाचा पातळ हात द्या म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागेल, आणि तो नट किंवा फ्लँज सुटा मिळतो का बघा. बहुतेक वेळा मिळतो, पूर्ण मिक्सर बदलावा लागत नाही.

मॅट आणि ब्रश्ड फिनिशवर पॉलिश मुळीच नको, चकाकणारा डाग पडतो आणि तो चऱ्यापेक्षा जास्त दिसतो. मॅट ब्लॅकवरच्या टवक्यावर जुळणाऱ्या टच-अप रंगाचा टोकदार काडीने एकच ठिपका द्या. स्टेनलेस स्टीलचा सबंध भाग ब्रश्ड असेल तर बारीक घासणीने रेघांच्या दिशेनेच, एका बाजूने ओढत चरा मिसळवता येतो. आधी खात्री करून घ्या की तो खरंच सबंध स्टीलचा आहे, वरून मुलामा दिलेला नाही.

बसवल्यानंतर पहिल्यांदा कसं पुसायचं?

साधं पाणी, मग सौम्य साबणाचं पाणी, मग कोरडं मायक्रोफायबर. तारेची घासणी नको. तिचे तुटलेले तुकडे सांध्यात अडकून गंजतात आणि क्रोमच गंजलाय असं वाटतं. हाच प्रकार पाइप कापताना उडालेल्या लोखंडी किसाने होतो, म्हणून फ्लँजच्या वरच्या कडेवर आणि दांड्याच्या मागे साचलेला कीस पहिल्याच दिवशी पाण्याने धुऊन काढा.